नागपुरात बसून बर्फवृष्टीचा अंदाज कसा काढायचा

कडाक्याची थंडी पडली की बर्फ पडतो, हे समीकरण आधी डोक्यातून काढून टाका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, पण बर्फाचा प्रश्नच नव्हता. आपली थंडी उत्तरेच्या कोरड्या वाऱ्यांची. आकाश मोकळं असतं म्हणून रात्री जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते आणि पारा घसरतो. ढग आले की तेच ऊब धरून ठेवतात, किमान तापमान वर जातं आणि स्वेटर कपाटात. इथे थंडी आणि ओलावा एकत्र नांदत नाहीत, आणि बर्फाला दोन्ही एकाच वेळी लागतात.

मनाली, गुलमर्ग किंवा औलीला जाऊन पडता बर्फ बघायचा असेल, तर अॅपवरचं बर्फाचं चित्र बघून तिकीट काढू नका. ते चित्र बहुधा तापमान आणि पाऊस यांच्या ढोबळ हिशेबावर येतं, आणि डोंगरात तो हिशेब गावागणिक बदलतो. खालच्या गोष्टी स्वतः तपासा. विंडीसारख्या संकेतस्थळावर त्या फुकट दिसतात.

पहिली गोष्ट ढगाच्या माथ्याची. ढगात तापमान शून्याखाली गेलं म्हणजे पाणी लगेच गोठतं असं नाही. बारीक थेंब उणे १० अंशांतही पाणीच राहू शकतात, कारण गोठायला त्यांना धुळीसारखा एखादा कण लागतो आणि असे कण चांगली थंडी असल्याशिवाय कामाला येत नाहीत. ढगाचा माथा उणे १२ ते उणे १८ अंशांत असेल तर सहा फांद्यांचे हिमकण झपाट्याने वाढतात, उणे १५ च्या आसपास सर्वांत जास्त. इन्सॅट उपग्रहाच्या इन्फ्रारेड चित्रात ढगाचा माथा जितका थंड, तितका तो पांढरा दिसतो. गडद करडा थर असेल तर तो ठेंगणा ढग, त्यातून फार तर भुरभुर.

दुसरी गोष्ट गोठणपातळी, म्हणजे वर जाताना तापमान शून्य होतं ती उंची. दर किलोमीटरला हवा साधारण ६.५ अंशांनी थंड होते. जानेवारीतही नागपूरवर ही पातळी ४ किलोमीटरच्या आसपास असते आणि शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. वरून निघालेला हिमकण वाटेतच वितळतो. हिमकण सेकंदाला साधारण एक मीटर इतका सावकाश उतरतो, त्यामुळे गोठणपातळीच्या खाली २०० ते ३०० मीटर तो कसाबसा टिकतो, नंतर पाणी. म्हणून गोठणपातळी २६०० मीटर असेल तर बर्फ २३०० मीटरपर्यंत धरायचा. २०५० मीटरवरच्या मनालीत त्या दिवशी पाऊस आणि २५०० मीटरवरच्या सोलंगला बर्फ, अंतर जेमतेम तासाभराचं. हॉटेल ठरवताना उंची बघा. शिमला २२०० मीटर, गुलमर्ग २६५०, औली २८००, अटल बोगद्यापलीकडचं सिस्सू ३१०० च्या घरात.

तिसरी गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत: वेट-बल्ब तापमान, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक दाखवतो तो आकडा. नागपूरकरांना हे समजावायला कूलर पुरेसा आहे. मे महिन्यात वाळ्याच्या ताटीतून येणारी हवा गार लागते, कारण कोरड्या हवेत पाणी उडतं आणि उडताना उष्णता ओढून घेतं. जुलैत तोच कूलर नुसती चिकचिक देतो. पडणाऱ्या हिमकणाचंही असंच होतं. हवा कोरडी असेल तर त्याच्यावरून पाणी उडतं आणि तो स्वतःला थंड ठेवतो. जमिनीवर ३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर वेट-बल्ब उणे १ च्या जवळ येतं, तिथे बर्फ पडू शकतो. त्याच ३ अंशांत आर्द्रता ९५ टक्के असेल तर वेट-बल्ब अडीचच्या आसपास, म्हणजे पाऊसच. व्यवहारात धरायची रेघ अशी: वेट-बल्ब शून्याखाली असेल तर बर्फ, शून्य ते दीड अंशात पाऊस-बर्फाची खिचडी, त्याच्या वर पाऊस.

हे मोजायचं साधन घरी करता येतं. सारखे दोन तापमापक घ्या. आधी दोन्ही बर्फ-पाण्याच्या कालवणात बुडवून शून्य दाखवतात का ते बघा. स्वयंपाकघरातले स्वस्त डिजिटल तापमापक एकेका अंशाने चुकतात आणि इथे सगळा खेळच एका अंशाचा आहे. एकाच्या टोकाला मलमलची एकेरी पट्टी गुंडाळा, तिचं शेपूट लहान बाटलीतल्या डिस्टिल्ड पाण्यात सोडा. बोअरचं पाणी वापरलं तर क्षार साचून कापड ताठ होतं आणि आकडा वर राहतो. सावलीत ठेवून पंख्याने वारा द्या आणि पाच-दहा मिनिटांनी जो सर्वांत खालचा आकडा येईल तो घ्या. डोंगरात मोजताना आकडा शून्यावर अडला तर घाई करू नका. फडक्यातलं पाणी गोठत असतं, पूर्ण गोठल्यावर पारा पुढे सरकतो.

आता ओलावा येतो कुठून? हिमालयात डिसेंबर ते मार्च बर्फ आणतात ते पश्चिमी झंझावात. हिंदी बातम्यांत त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. भूमध्य समुद्राकडून निघून इराण, अफगाणिस्तानमार्गे ते येतात आणि वाटेत अरबी समुद्राची वाफही ओढतात. ७०० हेक्टापास्कल, म्हणजे साधारण ३ किलोमीटर उंचीचा थर उघडा. तिथे वारा नैर्ऋत्य किंवा दक्षिणेकडून पर्वताच्या दिशेने वाहत असेल आणि आर्द्रता ८० टक्क्यांवर असेल तर हवा डोंगराला धडकून वर चढते, थंड होते आणि बर्फ पाडते. वारा फिरून वायव्येकडून येऊ लागला की झंझावात पुढे गेला, आकाश उघडतं. गंमत अशी की खरा बोचरा गारठा त्यानंतर येतो. 'उणे ५ अंश' हे वाचून गाडी पकडणारा बहुधा झळझळीत उन्हात, पडून गेलेल्या बर्फावर उतरतो.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि बर्फाचा भरवसा जेमतेम पाच दिवस आधी येतो, ही खरी अडचण. म्हणून नागपूर ते दिल्ली तिकीट आधी काढा, पुढचं ठिकाण मोकळं ठेवा. सात दिवस आधी झंझावात येतोय का एवढंच बघा. तीन दिवस आधी युरोपियन आणि अमेरिकन दोन्ही हवामान मॉडेलं गोठणपातळी सारखी दाखवतात का ते बघा. ३०० मीटरचा फरक असेल तर उंचावरचं ठिकाण निवडा. आदल्या दिवशी हवामान खात्याच्या शिमला किंवा श्रीनगर केंद्राचा इशारा वाचा. अंदाजात १ मिलिमीटर पाणी असेल तर साधारण १ सेंटिमीटर बर्फ धरा. ओला बर्फ निम्माच भरतो, कोरडा भुसभुशीत दीडपट-दुप्पट.

सुरुवातीला पाऊस आला म्हणून निराश होऊन खोलीत बसू नका. जोरदार सर वरची थंडी खाली ओढते, वितळणारा बर्फ हवेतली उष्णता खातो आणि गोठणपातळी तासा-दोन तासांत शे-दोनशे मीटर उतरते. दुपारचा पाऊस संध्याकाळी बर्फ होतो तो असा. सर हलकी असेल तर मात्र हे घडत नाही.

महाराष्ट्रातल्या दोन गोष्टींना बर्फ समजू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात काटोल, नरखेडच्या संत्र्याच्या बागांत आंबिया बहाराची नासाडी करते ती गारपीट. तिला थंडी नव्हे, तापलेली जमीन आणि जोरदार वर चढणारी हवा लागते. थेंब वर फेकला जातो, गोठतो, त्यावर थरावर थर चढतात आणि जड झाल्यावर तो इतक्या वेगाने कोसळतो की वितळायला वेळच मिळत नाही. आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी पहाटे दिसतात ते गोठलेले दवबिंदू. ते आकाशातून पडत नाहीत, गवतावरच तयार होतात, तेही ढग नसताना.

बर्फ पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गाडी काढू नका. दिवसा वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर पारदर्शक थर होऊन गोठतं आणि काळ्या डांबरावर दिसतही नाही. ऊन रस्त्यावर येईपर्यंत, साधारण दहापर्यंत थांबा. डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर तो थर दुपारीही टिकतो, तिथे ब्रेक न दाबता पहिल्या गिअरमध्ये उतरा.