पुनर्वसन इमारतीतली मुलं वाचनालयात टिकत नाहीत? या चुका टाळा

पहिल्या रविवारी तीस मुलं, तिसऱ्या रविवारी पंधरा, पाचव्या रविवारी चार. पुण्यात झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या (एसआरए) किंवा महापालिकेच्या (मनपा) पुनर्वसन इमारतींतली मुलं वाचनालयाच्या उपक्रमाला जोडायला गेलं की पट असा उतरत जातो. मग ‘या मुलांना वाचनाची गोडीच नाही’ असं कोणीतरी म्हणतं आणि उपक्रम गुंडाळला जातो. पुस्तक हातात पडल्यावर पाच मिनिटांत गप्प होऊन वाचत बसलेली हीच मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे पटणार नाही. मुलं गळतात ती इमारतीचं गेट आणि वाचनालयाचं दार यांच्या मधे. कुठे कुठे गळतात आणि काय केलं म्हणजे थांबतात, ते पुढे दिलं आहे.

पत्र कार्यालयाला गेलं, जिन्यापर्यंत आलंच नाही

नेहमीची चूक म्हणजे भागीदारी फक्त दोघांत होते. वाचनालयाचे कार्यवाह आणि उपक्रम चालवणाऱ्या संस्थेचे समन्वयक यांच्या सह्या होतात, इमारतीतल्या कोणाला पत्ता नसतो. फार तर सोसायटीच्या चेअरमनना भेटून परवानगी घेतली जाते. चेअरमनची परवानगी हवीच, कारण सूचनाफलक, खालच्या हॉलची किल्ली आणि गेटवरचा रखवालदार त्यांच्या शब्दावर चालतात. पण पाचव्या मजल्यावरची आई पोरीला खाली पाठवते ती चेअरमनच्या शब्दावर नाही, ओळखीच्या ताईच्या शब्दावर.

ही ताई आधी शोधा: अंगणवाडी सेविका, बालवाडीच्या ताई, बचत गटाच्या अध्यक्ष. मनपाच्या समाज विकास विभागाच्या समूह संघटिका या सगळ्यांना नावानिशी ओळखतात, त्यामुळे विचारपूस तिथून सुरू करा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पुनर्वसन इमारतीत वेगवेगळ्या ठिकाणची कुटुंबं येतात, कोणता मजला मिळणार ते सोडतीवर ठरतं. जुन्या वस्तीत सगळी गल्ली ओळखीची होती, इथे शेजारचं दारही नवखं असतं. एका विंगची ताई दुसऱ्या विंगला ओळखीची असेलच असं नाही. म्हणून प्रत्येक विंगला एक ताई हवी, आणि तिला मानधन हवं. सत्राच्या दिवशी ती दारं वाजवत फिरते, मुलं मोजते, परत आणून सोडते. हे तीन तासांचं काम आहे आणि ते फुकट मागू नये.

वाचनालय, संस्था आणि इमारत अशा तिघांचा करार दोन पानांत मावतो: वार आणि वेळ, जास्तीत जास्त किती मुलं, ने-आण कोणाकडे, यादी कोणाकडे, हरवलेल्या पुस्तकांचा खर्च कोण आणि कुठवर सोसणार, फोटोंचं काय, वाचनालयाला अचानक सुट्टी आली तर कोण कोणाला कधी कळवणार. शेवटचा मुद्दा हमखास राहतो. एकदा मुलं बंद दारावरून परतली की पुढच्या आठवड्याचा पट निम्मा समजा.

सभासदत्वाचा अर्ज: सगळ्यात जास्त मुलं इथे गळतात

वाचनालयाचा नेहमीचा अर्ज पत्त्याचा पुरावा, अनामत रक्कम आणि बहुधा जुन्या सभासदाची ओळख मागतो. पेठेतल्या घराला हे जड नाही. पुनर्वसन इमारतीत मात्र पत्त्याचा पुरावा ही सर्वांत नाजूक जागा आहे. या योजनेत मिळालेलं घर ठराविक वर्षं विकता किंवा भाड्याने देता येत नाही. तरीही अडचणीपोटी काही कुटुंबं घर भाड्याने देतात, आणि तिथे राहणाऱ्यांकडे ना करारपत्र असतं ना स्वतःच्या नावाचं लाइटबिल. अशा घरात ‘लाइटबिलाची झेरॉक्स द्या’ म्हटलं की आईला वाटतं, ही चौकशीच आहे. ती तसं बोलून दाखवत नाही. ‘पोराचा क्लास असतो’ म्हणते आणि मूल येणं बंद होतं. तुम्ही मात्र खाऊ बदलून बघत बसता.

यावर उपाय म्हणजे संस्थेच्या किंवा शाळेच्या नावाने सामूहिक सभासदत्व घ्यावं. अनामत एकरकमी संस्थेने भरावी, पुस्तकं संस्थेच्या खात्यावर निघावीत आणि मुलाच्या हातात त्याच्या नावाचं साधं पुठ्ठ्याचं कार्ड द्यावं. कार्डावर नाव, इयत्ता आणि अनुक्रमांक पुरे. फ्लॅट नंबर, जात, आधार यातलं काहीही विचारू नका. संपर्काचा मोबाइल नंबर ताईच्या वहीत असू द्या, वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये त्याची गरज नाही.

वाचनालयाची घटना सामूहिक सभासदत्वाला परवानगी देत नसेल, तर हा विषय कार्यकारी मंडळाच्या बैठकीत आधीच ठेवायला सांगा. ग्रंथपालांनी आपल्या अखत्यारीत ‘चालवून घेतलेली’ सवलत ग्रंथपाल बदलले की संपते.

वेळ वाचनालयाच्या सोयीची, घराच्या गैरसोयीची

मनपाच्या अनेक शाळा दोन सत्रांत भरतात, त्यामुळे एकाच मजल्यावरची दोन मुलं वेगवेगळ्या वेळी मोकळी असतात. आई धुण्याभांड्याची कामं करत असेल तर सकाळी लवकर बाहेर पडते आणि दुपारी परतते. लोहियानगर, काशेवाडी भागात काही मुलांचा अरबीचा वर्ग संध्याकाळी असतो. हे सगळं विचारात घेतलं की शनिवारी साडेतीन ते साडेपाच किंवा रविवारी दहा ते बारा, असे दोनच पर्याय बहुधा उरतात. त्यातला कोणता, ते आयांना विचारून ठरवा. पाणी कधी येतं तेही विचारा. पाण्याच्या वेळी मोठी मुलगी घरातून हलू शकत नाही.

वर्षाची आखणी करताना उत्साहाच्या भरात जूनमध्ये सुरुवात करू नका. शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात, त्यातच पालख्यांचा मुक्काम आणि बंद रस्ते. जुलैच्या मध्याला सुरुवात करून गणपतीपर्यंत सहा ते आठ सत्रं होतात. गणपतीत पेठांमधून मुलं नेण्याचा विचारही नको. दुसरा टप्पा दिवाळीची सुट्टी संपल्यावर सुरू करून फेब्रुवारीअखेर थांबवा. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला मोठा कार्यक्रम करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण त्या सुमारास सहामाही परीक्षा असतात. मे महिन्यात निम्मी मुलं गावाला जातात. उरलेल्यांसाठी छोटा गट जरूर चालवावा, मात्र त्याचा पट पाहून उपक्रमाचं यश मोजू नये.

धाकटी भावंडं

‘फक्त 8 ते 12 वर्षांची मुलं’ असा नियम कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात अकरा वर्षांच्या मुलीच्या कडेवर दोन वर्षांचा भाऊ असतो, कारण आई कामावर असते. दारात तिला ‘याला घरी सोडून ये’ म्हटलं, तर ती घरी जाते आणि परत येत नाही. मुलींची संख्या मुलांपेक्षा कमी राहते त्यामागे हे मोठं कारण आहे. एका कोपऱ्यात सतरंजी, दहा-बारा जाड पुठ्ठ्याची पुस्तकं आणि धाकट्यांकडे बघायला एक कार्यकर्ती एवढी सोय करा. नियम बदलायला यापेक्षा जास्त लागत नाही.

ने-आण

पर्वतीच्या पायथ्याची जनता वसाहत किंवा दांडेकर पूल इथून विश्रामबागवाड्यातल्या शासकीय विभागीय ग्रंथालयापर्यंत किंवा लक्ष्मी रस्त्यावरच्या पुणे नगर वाचन मंदिरापर्यंत (ही संस्था 1848 सालची) चालत जाता येतं. मोठ्या माणसाला अर्धा तास लागतो, पंचवीस मुलांच्या रांगेला पाऊण तास धरा. दर आठ मुलांमागे एक मोठं माणूस हवं. एक रांगेच्या पुढे, एक सगळ्यात मागे, आणि चौक ओलांडताना एकाने वाहनांकडे तोंड करून उभं राहायचं. मुलं चार वेळा मोजा: गेटवर, वाचनालयाच्या दारात, निघताना आणि परत गेटवर. प्रत्येक वेळी आकडा वहीत लिहा. तोंडी मोजणीत चूक होतेच.

रिक्षात आठ-दहा मुलं कोंबू नका. रिक्षाला तीन प्रवाशांचीच परवानगी असते आणि काही झालं तर जबाबदारी तुमची. हडपसर किंवा वारज्याच्या मनपा इमारतींतून पेठेत दर आठवड्याला बस करणं पैशाने आणि वेळेने परवडत नाही. तिथे उलटं करा. तीन आठवडे पुस्तकांची पेटी इमारतीच्या हॉलमध्ये न्या आणि चौथ्या आठवड्यात मुलांना वाचनालयात आणा. ओळखीचं पुस्तक कपाटात दिसलं की मुलाला ती जागा परकी वाटत नाही.

वाचनालयाच्या दारात

वृत्तपत्र विभागात ज्येष्ठ वाचक बसलेले असतात. पंचवीस मुलं एकदम आत आली की दहाव्या मिनिटाला तक्रार होते आणि ती रास्तही असते. आठवडाभर आधी फलक लावा, मुलांना वेगळी खोली द्या. खोली नसेल तर बारा-बारांचे दोन गट करा.

चपला बाहेर काढायच्या असतील तर त्यांची नीट व्यवस्था हवी. ढिगात चपला बदलतात. घरात मुलाच्या चपलेचा एकच जोड असतो. अनवाणी परतलेल्या मुलाला आई ओरडते आणि पुढच्या आठवड्यात पाठवत नाही. प्रत्येक गटासाठी एक मोठी पिशवी ठेवा, जोडाला कपड्याचा चिमटा लावा आणि चिमट्यावर मुलाच्या कार्डाचा क्रमांक टाका. स्वच्छतागृहाची किल्ली शिपाईमामांकडे नव्हे, सत्र चालवणाऱ्या ताईकडे हवी. मोठ्या मुली किल्ली मागायला लाजतात.

पुस्तक घरी देण्याची वेळ शेवटच्या दहा मिनिटांवर ढकलली जाते, तिथे गणित चुकतं. एका मुलाची नोंद करायला दीड मिनिट धरलं तरी पंचवीस मुलांना अडतीस मिनिटं लागतात. रांग कंटाळते, ढकलाढकली होते, ग्रंथपाल वैतागतात. दोन तासांच्या सत्रात पहिला तास झाला की पाच-पाच मुलांना नोंदीला पाठवायला लागा, बाकीची वाचत राहतील.

पुस्तकं आणि वाचून घेणं

पंचवीस मुलांना पंचवीस पुस्तकं पुरत नाहीत. निवडायला मिळालं तरच मूल वाचतं, म्हणून निदान साठ पुस्तकं मांडा, कपाटात कणे दाखवून नव्हे तर सतरंजीवर मुखपृष्ठं वर करून. पाचवीतल्या काही मुलांना जोडाक्षरं अडतात. सोपं पुस्तक त्यांना हवं असतं, पण ‘बालवाडीचं’ दिसणारं पुस्तक ती मित्रांसमोर हातात धरणार नाहीत. प्राणी, यंत्रं, किल्ले, क्रिकेट, कोडी अशा विषयांची कमी मजकुराची आणि मोठ्या चित्रांची पुस्तकं इथे उपयोगी पडतात. सगळ्यांसमोर उभं करून मोठ्याने वाचायला लावणं मात्र पूर्णपणे टाळा. अडखळलेलं मूल परत येत नाही. आधी ताईने वाचून दाखवावं, मग दोघा-दोघांनी वाचावं.

मराठीखेरीज हिंदी, उर्दू, कन्नड पुस्तकं ठेवा. मनपाच्या उर्दू आणि कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतल्या गोष्टी मोफत आहेत आणि त्या छापूनही घेता येतात. एकच गोष्ट दोन भाषांत छापून जवळ ठेवली की घरी कन्नड बोलणारं मूल दोन्ही प्रती मांडीवर घेऊन ओळी जुळवत बसतं.

हरवलं, फाटलं, भिजलं

पावणेतीनशे-तीनशे चौरस फुटांच्या घरात पाच-सहा माणसं राहतात. पुस्तक ठेवायला वेगळी जागा नसते. म्हणून पुस्तकाबरोबर कापडी पिशवी द्या, खिळ्याला टांगता येईल अशा बंदाची. पावसाळ्यात तिच्यात प्लास्टिकची पिशवी घाला. फाटल्याचा दंड घेऊ नका. दंडाच्या भीतीने मूल पुस्तक लपवतं आणि स्वतःही लपतं. ‘फाटलं तर तसंच घेऊन ये, इथे चिकटवू’ एवढं पहिल्याच दिवशी सांगा.

चिकटवायला सेलोटेप वापरू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते, डिंक पानात उतरतो आणि पान टेपच्या कडेला पुन्हा तुटतं. सुटलेल्या पानाच्या आतल्या कडेला फेव्हिकॉलची तीन मिलिमीटरची बारीक रेघ ओढा, पान कण्यापर्यंत सरकवा, दोन्ही बाजूंना मेणकागद घाला आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. फाटीवर पातळ जपानी टिश्यू (पुस्तकदुरुस्तीचा खास कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ लावा. मुलांना हे काम फार आवडतं. महिन्यातून अर्धा तास त्यासाठी राखून ठेवा.

फोटो आणि सुरक्षितता

‘झोपडपट्टीतील गरीब मुलांसाठी’ असा फलक लावून त्यापुढे मुलांना उभं करू नका. सातवीतल्या मुलाला तो वाचता येतो. देणगीदारांना पुस्तकांचे, हातांचे, मांडणीचे फोटो द्या. चेहरे दिसणार असतील तर पालकांची लेखी संमती घ्या. प्रत्येक कार्यकर्त्याची पोलीस पडताळणी करा आणि मुलाबरोबर एकटा मोठा माणूस बंद खोलीत कधीही राहणार नाही, हा नियम सगळ्यांना लागू करा. चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक मुलांच्या कार्डामागे छापा.

तरीही पट घसरला तर

आधी कार्यक्रमात बदल करू नका. न आलेल्या मुलांच्या दारी ताईला पाठवा आणि तीनच गोष्टी विचारायला सांगा: मागच्या वेळी परत यायला उशीर झाला का, पुस्तक फाटलं किंवा हरवलं आहे का, वाचनालयात कोणी काही बोललं का. निरोप व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर फोन कोणाकडे असतो ते बघा. दिवसभर तो वडिलांबरोबर कामावर असेल, तर आईला निरोप रात्री दहाला कळतो. आदल्या संध्याकाळी लिफ्टजवळ चार्ट पेपरवर मोठ्या अक्षरांत लिहून लावा. लिफ्ट बंद असेल तर जिन्याच्या पहिल्या वळणावर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला.