विसरायला लागलेल्या आईचा एमआरआय: न्यायच्या आधी आणि रिपोर्ट आल्यावर

रत्नागिरीत एक्स-रे टेक्निशियन म्हणून नोकरी झाली, आता मालगुंडात बाग बघतो. तरी वाडीत कुणाच्या आईला मेंदूचा एमआरआय सांगितला की फाइल आधी माझ्या पडवीत येते. त्यांना सांगतो तेच इथे लिहितो.

आधी एक कागद घ्या. विसरणं कधीपासून, हळूहळू वाढलं की एकदम, हे लिहा. घावने, देवपूजा, दुकानातले सुटे पैसे सगळं जमतंय, पण कालचं बोलणं आणि आंब्याच्या पेट्यांचा हिशेब निसटतोय, असं असेल तर तसंच लिहा. रोजचे व्यवहार शाबूत आणि स्मरण वयाच्या मानाने कमी, या टप्प्याला डॉक्टर एमसीआय म्हणतात. तो डिमेन्शिया, म्हणजे रोजचे व्यवहारही कोलमडवणारा स्मृतिभ्रंश, नव्हे. पावसाळ्यात शेवाळलेल्या खळ्यात घसरून डोकं आपटलं असेल, तर ते सगळ्यात वर लिहा. उतारवयात अशा माराने कवटीच्या आत रक्त हळूहळू साठू शकतं, लक्षणं काही आठवड्यांनीही दिसतात, आणि यावर इलाज आहे. जीवनसत्त्व बी १२ आणि थायरॉईड तपासलंय का, तेही विचारा, त्यांच्या बिघाडानेही विसरायला होतं.

एमआरआयचं मशीन म्हणजे मोठं चुंबक, धातू आत चालत नाही. जोडवी आदल्या दिवशी साबण लावून काढा. वर्षानुवर्षांची असतात, ऐनवेळी निघत नाहीत आणि मग तिथे रडारड. मंगळसूत्र, साडीच्या पिना, कवळी, श्रवणयंत्र हेही बाहेरच. यंत्र काढल्यावर तिला काही ऐकू येणार नाही, म्हणून आत काय होणार ते आधीच सांगून ठेवा: ठोकल्यासारखा मोठा आवाज, साधारण अर्धा तास, हलायचं नाही, घाबरली तर बाहेरच्यांना बोलावायला हातात दिलेला फुगा दाबायचा. पेसमेकर किंवा मेंदूच्या ऑपरेशनची क्लिप असेल तर नंबर लावतानाच बोला. कोल्हापूरला नेत असाल तर आंबा घाटाची वळणं खाऊन आलेल्या माणसाला लगेच मशीनवर झोपवू नका.

आता रिपोर्ट. मेंदूचं ‘वयानुसार आकुंचन’ या अर्थाचं वाक्य वाचून लोकांचे चेहरे पडतात. सत्तरीत ते बहुतेकांना असतं. तुम्ही हिप्पोकॅम्पस शोधा. कानाच्या वरच्या बाजूला खोल आत, काजूगरासारखा वाकडा भाग, नव्या आठवणी साठवायच्या कामाचा. अल्झायमर या डिमेन्शियाच्या नेहमीच्या प्रकारात तो लवकर झिजतो. तो भाग किती आकसलाय याला एमटीए नावाचे ० ते ४ गुण देतात. पंचाहत्तरीच्या आत २ आले तर डॉक्टर थबकतात. त्यापुढच्या वयात २ वयाचेही असू शकतात. रिपोर्टमध्ये आकडा नसेल तर मागा.

दुसरा शब्द फॅझेकास, मेंदूत दिसणाऱ्या पांढऱ्या डागांचे गुण, ० ते ३. हे डाग बारीक रक्तवाहिन्यांचे, आणि त्यामागे बरेचदा वर्षानुवर्षं चढलेलं बीपी, साखर, तंबाखू असते. मला विचाराल तर घरच्यांनी याच ओळीवर जास्त वेळ घालवावा, कारण बीपीची गोळी रोज देणं आपल्या हातात आहे.

फोटो नॉर्मल आला म्हणून विसरणं खोटं ठरत नाही, आणि झीज दिसली म्हणून डिमेन्शिया ठरला असंही नाही. एमसीआयमधले काही जण पुढे डिमेन्शियाकडे सरकतात, काही तिथेच राहतात, काही सुधारतातही. म्हणून तो कागद फिल्मसोबतच डॉक्टरांपुढे ठेवा.

पुढेमागे पुन्हा स्कॅन सांगितला तर शक्यतो त्याच सेंटरला करा, जुन्या-नव्याची तुलना नीट होते. सीडी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. फिल्म माळ्यावर टाकू नका, आपल्याकडच्या दमट हवेत चिकटतात.