डार्विनचा खाऱ्या पाण्याचा प्रयोग, मुंबईतल्या ओट्यावर

भर समुद्रातल्या बेटांवर झाडं पोचली कशी? खाऱ्या पाण्यात बी किती दिवस तगतं, हे चार्ल्स डार्विनने १८५५ मध्ये घरीच बाटल्यांत तपासायला घेतलं. ८७ प्रकारांपैकी ६४ प्रकारांचं बी २८ दिवसांनंतरही रुजलं. हे बाल्कनीत करून बघता येतं.

चौपाटीचं पाणी आणू नका. त्यात सांडपाणी असतं, पावसाळ्यात खारेपणाही उतरतो. डार्विननेही कृत्रिम खारं पाणीच वापरलं होतं. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम खडेमीठ विरघळवा.

मिरची, मुळा, मेथी आणि वाटाणा घ्या, प्रत्येकी ८० बिया. पेरणीच्या पाकिटातलं रंगीत बी नको. त्यावर बुरशीनाशक असतं. वीस बिया कोरड्या बाजूला ठेवा, बाकीच्या ६० खाऱ्या पाण्यात, प्रत्येक जातीची बाटली वेगळी. त्या कोरड्या वीस बिया फार महत्त्वाच्या आहेत. बाजारातल्या वाळलेल्या मिरचीचं बी मुळातच कमी रुजत असेल, तर दोष मिठाच्या माथी जातो.

सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी वीस-वीस बिया काढा. गोड्या पाण्याने तीनदा धुवा, झाकणाच्या डब्यात ओल्या टिश्यूवर पसरा. धुण्यात कुचराई झाली तर उरलेलं मीठ कोंब अडवतं. टिश्यूवर पाणी साचलं तर बी कुजतं. मुळा-मेथी चार-पाच दिवसांत कळतात, मिरचीला दोन आठवडे द्या. कोरड्या बियाही त्याच दिवसांत, त्याच डब्यांत रुजवा.

मुळ्याच्या बाटलीला घाण वास येतो; डार्विनलाही त्याचा त्रास झाला होता. मुंबईच्या उकाड्यात पाणी दर तिसऱ्या दिवशी बदला. वाटाणा बहुधा फुगून कुजेल, कारण शेंगवर्गीय बी मीठ फारसं सोसत नाही. मिरची मात्र चिवट: डार्विनकडे १३७ दिवसांनंतर ५६ पैकी ३० बिया रुजल्या.

पण बी जिवंत राहिलं म्हणजे ते प्रवासाला निघालं असं नाही. सुटं बी बहुतेक बुडतं, आणि बुडालेलं बी बेटावर जात नाही. म्हणून डार्विनने पिकल्या फळांसकट वाळवलेल्या फांद्या तरंगवल्या. ९४ पैकी १८ झाडांच्या फांद्या २८ दिवसांहून जास्त तरंगल्या. हेझेलनट ताजी असताना लगेच बुडाली, वाळवल्यावर ९० दिवस तरंगून नंतर रुजली. तुम्ही भेंडीची एक ताजी आणि एक वाळलेली शेंग एकाच बादलीत सोडा, रोज सकाळी बघा आणि कोणती कितव्या दिवशी तळाला गेली ते वहीत लिहा.