बांबूच्या राशीतील शिकारी भुंगेरे कसे ओळखावेत व कसे राखावेत

गोव्यात माटवासाठी (मांडवासाठी) किंवा कुंपणासाठी तोडून ठेवलेल्या बांबूंखाली बारीक पीठ सांडलेले दिसले की लगेच कीटकनाशकाचा पंप उचलला जातो. त्याआधी राशीवरचे भुंगेरे नीट पाहावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण पोखरणारा आणि पोखरणाऱ्याला खाणारा हे दोघेही तिथे एकत्र वावरत असण्याची शक्यता असते.

पीठ पाडणारा डायनोडेरस हा भुंगेरा सुमारे 3 मिलिमीटर लांबीचा, तपकिरी व दंडगोलाकार असतो. त्याचे डोके फुगीर पाठीखाली झाकलेले असल्यामुळे वरून दिसत नाही. त्याची शिकार करणारे भुंगेरे क्लेरिडी कुळातले असून टिलस नोटॅटस ही त्यांतली भारतात आढळणारी जात आहे. या कुळातील भुंगेऱ्यांचे अंग लांबट व केसाळ असते, डोके रुंद व डोळे फुगीर असतात, पंखांवर बहुधा आडवे पट्टे असतात आणि ते बांबूवर झपाझप धावतात.

खरी खूण अळीत सापडते. पोखरलेला एक तुकडा कोयत्याने उभा चिरावा. आत वाकडी, पांढरी, पुढच्या भागात जाडसर अळी दिसली तर ती डायनोडेरसची. सरळ, लांबट, पायांवर चालणारी आणि शेपटीच्या टोकाला कठीण आकडे असलेली अळी क्लेरिडीची. ही दुसरी अळी पीठाने भरलेल्या बोगद्यांतून शिरत आतल्या अळ्या खाते, जिथे फवारा सहसा पोहोचतच नाही.

अशी अळी मिळाल्यास त्या राशीवर फवारणी करू नये. फार पोखरलेले बांबू जाळण्यापूर्वी चिरून त्यांतल्या शिकारी अळ्या उरलेल्या किडक्या बांबूंवर सोडाव्यात.

मात्र शिकारी येतो तो भक्ष्यामागून, त्यामुळे घराच्या कामाचा बांबू त्याच्या भरवशावर ठेवू नये. तो काही आठवडे पाण्यात बुडवून त्यातील पिष्ट (स्टार्च) कमी करावे, नंतर बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवून सावलीत सुकवावा.

काजूच्या झाडाच्या बाबतीतही शिकाऱ्याची वाट पाहू नये. बुंध्याशी डिंक व भुसा दिसताच साल जपून तासून प्लोकेडेरस या खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या हाताने काढून माराव्यात.