डी.बी.ए.चे नियम शिकण्यासाठी आधी पुठ्ठा घ्यावा

छोटे शिपाई टेबलावर मांडून खेळल्या जाणाऱ्या प्राचीन लढायांच्या डी.बी.ए. (De Bellis Antiquitatis) या खेळात प्रत्येक बाजूला 12च तुकड्या असल्या, तरी त्याची नियमपुस्तिका इतक्या काटकसरी भाषेत लिहिली आहे की नुसत्या वाचनाने ती उलगडत नाही. म्हणून शिपाई रंगवण्याआधी 40 मिमी रुंदीचे पुठ्ठ्याचे तुकडे कापून, प्रत्येक तुकडा म्हणजे एक तुकडी आणि दोन्हीकडे केवळ भालाईत मानून, लढतीचा नियम पक्का करावा. दोघांनी फासा टाकून त्यात 4, म्हणजे भालाइतांचे पायदळाविरुद्धचे गुण, मिळवावेत. कमी बेरजेची तुकडी मागे सरते, आणि बेरीज निम्मी किंवा त्याहून कमी असेल तर बाद होते, जे सोबतच्या तुकडीच्या आधाराने मिळणारे आणि इतर जादा-वजा गुण वगळल्यास 1 विरुद्ध 6 पडल्यावरच घडते. मागे सरताना बगलेला शत्रू भिडलेला असेल, तर मात्र तुकडी हमखास बाद होते. खेळाचे मर्म इथेच असल्याने हा प्रसंग मुद्दाम मांडून पाहावा. घोडदळ नंतर आणावे.