फुटक्या काचेचं मोझॅक करताय? मग या चुका टाळा

मोझॅक बिघडलं की सगळे ग्राउटला (तुकड्यांमधल्या फटी भरायचं सिमेंटचं मिश्रण) शिव्या घालतात, पण निम्मा घोळ आधीच काच निवडताना आणि गोंद लावताना झालेला असतो, ग्राउट भरलं की तो दिसायला लागतो एवढंच.

आधी काच. खिडकीची साधी काच, बाटल्या, जुने आरसे सगळं चालतं. टफन काच (तापवून कडक केलेली) मात्र कापायला जाऊ नका, कटर लावून दाबली की अख्खी काच चुरा होते. आधीच फुटलेली असेल तर तिचे बारीक खडे तसेच वापरा, मस्त दिसतात. ट्यूबलाइट, सीएफएल (आत पारा असतो) आणि जुन्या डबा टीव्हीची पिक्चर ट्यूब (काचेत शिसं असतं) यांना हातच लावू नका, फुकट मिळाल्या तरी.

कापताना बरेच जण एकाच रेघेवर कटर दोन-तीनदा फिरवतात. एकदाच, सलग, बारीक करकर आवाज येईल इतपत दाब देऊन फिरवायचा आणि लगेच तोडायचं, परत फिरवलं की काच भलतीकडेच फुटते आणि कटरचं चाकही जातं. गॉगल हवाच, यात चर्चा नाही. कडा घासायच्या तर पाणी लावूनच घासा, कोरडी काचपूड नाकात जाता कामा नये.

आता गोंद, आणि खरी गंमत इथेच आहे. काच पारदर्शक आहे हे कापताना लक्षात असतं, चिकटवताना लोक विसरतात 😅 खाली जे असेल ते वर दिसणार, मग गोंदाचे बुडबुडे असोत, सिमेंटच्या गोंदात दातेरी थापीने पडलेल्या खाचा असोत की प्लायवुडचा तपकिरी रंग. म्हणून बेस आधी पांढरा रंगवून घ्या, सिमेंटवाला गोंद असेल तर पांढराच घ्या आणि खाचा सपाट करून मगच तुकडा दाबा. लाकडाचा पांढरा गोंद पाणी लागलं की परत मऊ पडतो, त्यामुळे ग्राउट पुसताना तुकडे सरकतात, बाहेर ठेवायच्या कामाला तर तो नकोच. पारदर्शक सिलिकॉन चांगलं पण ते हवेतल्या ओलाव्याने कडेकडून आत वाळत जातं, मोठ्या तुकड्याखाली मधला भाग बरेच दिवस ओलाच राहतो, तेव्हा तुकडे लहान ठेवा, थर पातळ ठेवा आणि घाई करू नका. आरसे लावणार असाल तर ट्यूबवर न्यूट्रल क्युअर लिहिलंय का बघा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते सिलिकॉन आरशाची मागची बाजू खातं, नंतर काळे डाग पडतात आणि ते काही केल्या जात नाहीत.

काच लावण्याआधी लेबलचा चिकटपणा आणि तेलकट बोटांचे ठसे स्पिरिटने पुसा. बाहेर ठेवायचं असेल तर बेसला एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) नको, फुगतो, सिमेंट बोर्ड घ्या.

फटी 2-3 मिमी ठेवा आणि वाळू नसलेलं ग्राउट वापरा, वाळूवाल्याने काचेवर ओरखडे येतात. ग्राउटला तडे गेले? बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं किंवा बेस लवचिक असतो. बारीक तडे असतील तर तेच ग्राउट घट्टसर कालवून बोटाने चोळून भरा, पण हातमोजे घालून, सिमेंटने कातडी जळते आणि काचेच्या कडा तर आहेतच. पांढुरका थर राहिला तर कोरड्या कापडाने घासा, त्यासाठी दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, तोपर्यंत तो घट्ट बसतो.

एखादा तुकडा निघालाच तर जुना गोंद पूर्ण खरवडून मगच नवा लावा, आणि ग्राउटची थोडी कोरडी पावडर डब्यात जपून ठेवा, नव्या पाकिटाचा रंग जुन्याशी जुळेलच असं नाही.