मुलांच्या आरोग्याचं ‘नवीन संशोधन’ समोर आलं की नेमकं काय बघायचं

सगळ्यात आधी एक गोष्ट. बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान आहे आणि ताप ३८ डिग्री सेल्सिअस किंवा त्याच्या वर गेलाय, किंवा कुठल्याही वयाचं मूल धापा टाकतंय, श्वास घेताना बरगड्यांखाली आत ओढलं जातंय, हलवूनही नीट जागं होत नाहीये, झटके येतायत, तर काहीही वाचत बसू नका, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या. खालचं सगळं त्या वेळेसाठी आहे जेव्हा मूल ठीकठाक आहे आणि तुमच्या मोबाईलवर ‘नवीन संशोधनातून उघड’ असं काहीतरी येऊन पडलंय आणि आता ऐकायचं की सोडून द्यायचं हे कळत नाहीये.

बातमी उघडली की निष्कर्षाकडे धावू नका, आधी शोधा की हे तपासलं कुणावर. उंदरांवर? मोठ्या माणसांवर? की मुलांवर, आणि मुलांवर असेल तर कुठल्या वयाच्या? बातमीत हे बऱ्याचदा शेवटच्या ओळीत असतं नाहीतर नसतंच, आणि माझ्या मते नसेल तर तिथेच थांबावं. कारण मुलाचं शरीर म्हणजे मोठ्यांचं शरीर कमी वजनात असं अजिबात नाहीये. क्लोरॅम्फेनिकॉल नावाचं अँटिबायोटिक एकेकाळी नवजात बाळांना द्यायचे, मोठ्यांना चालत होतं म्हणून, पण इतक्या लहान बाळाच्या लिव्हरला ते नीट निकामी करून बाहेर टाकता येत नाही, ते साठत गेलं, बाळं राखाडी पडून दगावली आणि १९५९ च्या सुमारास हे लक्षात आलं. कोडीन या वेदना आणि खोकल्यावरच्या औषधाचंही तेच, काही मुलांचं शरीर त्याचं मॉर्फिनमध्ये रूपांतर फार वेगाने करतं आणि श्वास मंदावतो, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१७ मध्ये सांगितलं की १२ वर्षांखाली कोडीन नकोच. तोपर्यंत ते मुलांच्या खोकल्याच्या औषधांत सुद्धा असायचं!

औषध कंपन्यांनी मुलांवर वेगळा अभ्यास करावा असे कायदे अमेरिकेत २००३ ला आणि युरोपियन युनियनमध्ये २००७ ला आले, म्हणजे तसं अलीकडेच. अजूनही नवजात बाळांच्या आयसीयूत बरीच औषधं अशी असतात ज्यांचा त्या वयासाठी पुरेसा अभ्यास झालेला नाही, डॉक्टर अनुभवावर आणि मिळेल त्या माहितीवर डोस ठरवतात. मला या क्षेत्रातली सगळ्यात मोठी उणीव हीच वाटते. आपल्या हातात काय, तर डॉक्टरांना सरळ विचारायचं की हा डोस हिच्या वजनाप्रमाणे काढलाय ना, वजन आज करून घ्यायचं, जुनं अंदाजे सांगायचं नाही, आणि घरी औषध चमच्याने न देता एमएलच्या खुणा असलेल्या सिरिंजने द्यायचं.

आता दुसरा प्रश्न, हा थोडा सावकाश वाचा कारण फसगत इथेच होते. अभ्यास कसल्या प्रकारचा होता? १९९९ मध्ये एक अभ्यास फार गाजला, दोन वर्षांच्या आतली जी मुलं रात्री लाईट लावून झोपायची त्यांच्यात पुढे मायोपियाचं, म्हणजे लांबचं धूसर दिसून चष्मा लागायचं, प्रमाण जास्त दिसलं. झालं, आईवडिलांनी घाबरून नाईट लॅम्प बंद केले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या टीम्सनी तपासलं तर त्यांना तसा संबंध सापडलाच नाही, उलट असं दिसलं की ज्या आईवडिलांना स्वतःलाच असा चष्मा आहे तेच मुलांच्या खोलीत लाईट जास्त लावून ठेवतात, आणि चष्मा मुलांकडे मुळात त्यांच्याकडूनच येतो. म्हणजे लाईट आणि चष्मा एकत्र दिसले खरे पण एकामुळे दुसरं झालं असं नव्हतं. अशा अभ्यासात संशोधक फक्त बघतात, कुणाला काय करायला सांगत नाहीत, त्यामुळे मागे तिसरंच कारण लपलेलं असू शकतं.

त्याच विषयातला दुसरा अभ्यास बघा, चीनमधल्या ग्वांगझू शहरातला, निकाल २०१५ मध्ये आला. पहिलीतली मुलं, शाळा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन गटांत वाटल्या, एका गटातल्या शाळांत रोज ४० मिनिटं जास्तीची मैदानावर आणि दुसऱ्या गटात नेहमीचंच वेळापत्रक. तीन वर्षांनी नवीन चष्मा लागण्याचं प्रमाण मैदानवाल्यांत ३०.४ टक्के आणि दुसऱ्यांत ३९.५ टक्के. इथे गट संशोधकांनी वाटले होते, आईवडिलांनी निवडले नव्हते, म्हणून फरक मैदानामुळे पडला असं म्हणायला जागा आहे. तर बातमीत ‘चिठ्ठीने गट पाडले’, ‘रँडमाइज्ड ट्रायल’ असं काही दिसतंय का बघा. नुसतं ‘संबंध आढळला’ असेल तर लक्षात ठेवा पण मुलाची दिनचर्या लगेच उलटीपालटी करू नका. स्क्रीन टाईमवरच्या बहुतेक बातम्या या नुसत्या ‘संबंध आढळला’ प्रकारच्या असतात, याचा अर्थ मोबाईल देत सुटा असा नाही, फक्त ‘मोबाईलमुळे अमुक होतं’ हे वाक्य त्यातून सहसा सिद्ध होत नाही एवढंच.

आकड्यांचं थोडक्यात. ‘धोका दुप्पट’ वाचलं की विचारा कशाच्या दुप्पट. समजा १०,००० मुलांत एकाला होणारी गोष्ट दोघांना व्हायला लागली तर तेही दुप्पटच, आणि १०० मधल्या १० ची २० झाली तर तेही दुप्पटच, पण काळजी सारखी नाही ना. किती मुलांपैकी किती, हे दोन आकडे बातमीत नसतील तर मूळ पेपरचा, म्हणजे शोधनिबंधाचा, सारांश उघडा, तो बहुतेक वेळा फुकट वाचता येतो.

आणि एकट्या अभ्यासावर कधीच विसंबू नका, तेही लहानशा. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा १९९८ चा पेपर फक्त १२ मुलांवर होता, २०१० मध्ये तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलने तो मागे घेतला. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासली, २०१९ चा अभ्यास, त्यात लसीमुळे ऑटिझम वाढल्याचं दिसलं नाही. पण त्या १२ मुलांच्या पेपरची भीती आजही फिरतेय आणि त्यापायी मुलं गोवराने आजारी पडतायत, याचा मला खरंच त्रास होतो. असा काही दावा दिसला की कॉक्रेन या संस्थेचे आढावे बघा, एका प्रश्नावरचे बरेच अभ्यास एकत्र तपासून ते साध्या भाषेत सारांश देतात. पेपर मागे घेतलाय का हेही बघा, जर्नलच्या पानावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

‘डॉक्टर आधी एक सांगतात मग दुसरंच’ ही तक्रार खूप जण करतात. सल्ला बदलतो हे खरंय आणि कधी कधी तो बदलायलाच हवा असतो. ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका असं अमेरिकेत २००० च्या सुमारास सांगितलं जायचं. २०१५ मध्ये ‘लीप’ ट्रायलचा निकाल आला, तीव्र एक्झिमा (खाजरा त्वचारोग) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं, निम्म्यांना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना टाळायला सांगितलं. सुरुवातीच्या स्किन टेस्टमध्ये ज्यांना काही नव्हतं त्यांच्यापैकी टाळणाऱ्यांत १३.७ टक्के मुलांना पाच वर्षांपर्यंत ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत १.९ टक्के. सल्ला पार उलटा झाला. (अशा बाळाला घरी परस्पर सुरू करू नका, आधी डॉक्टरांशी बोला, आणि अख्खा दाणा लहान मुलाला कधीच नाही, घशात अडकतो.)

आणखी एक, गंभीर तापाने शॉकमध्ये चाललेल्या, म्हणजे शरीराला रक्तपुरवठा कमी पडत चाललेल्या, मुलांना झटपट सलाईन चढवायचं हे सगळ्यांना इतकं बरोबर वाटायचं की कुणी प्रश्नच विचारत नव्हतं. युगांडा, केनिया आणि टांझानियामध्ये ३,००० हून जास्त मुलांवर ‘फीस्ट’ ट्रायल झाली, २०११ चा निकाल, आणि असं झटपट सलाईन दिलेल्यांत ४८ तासांतले मृत्यू १०.५ टक्के, न दिलेल्यांत ७.३ टक्के. जुलाबाने पाणी कमी झालेली मुलं यात नव्हती हे नीट लक्षात घ्या, त्यांना पाणी द्यावंच लागतं. म्हणून म्हणते, निकाल ज्या मुलांवरचा आहे त्यांच्यापुरताच धरायचा. अँटिबायोटिकचंही तसंच, २०२१ च्या एका ट्रायलमध्ये मुलांच्या न्यूमोनियाला ॲमॉक्सिसिलिन तीन दिवस दिलं काय नि सात दिवस दिलं काय, पुन्हा औषध लागण्यात फारसा फरक दिसला नाही, पण त्यातली मुलं घरी उपचार घेण्याइतपत बरी होती आणि किती दिवस औषध द्यायचं हे ट्रायलमध्ये चिठ्ठीने ठरलं होतं. तुम्ही मनाने डोस तोडू नका, पुढच्या वेळी विचारा की ‘डॉक्टर, हिला किती दिवसांत भागेल?’

कधीतरी डॉक्टरच तुम्हाला विचारतील की मुलाला ट्रायलमध्ये घ्यायचं का. घाबरून लगेच नाही म्हणू नका आणि भिडेपोटी हो पण म्हणू नका. कागद घरी घेऊन या आणि विचारा: ट्रायलमध्ये नसतो तर काय उपचार मिळाला असता, जास्तीच्या सुया आणि फेऱ्या किती, त्रास झाला तर रात्री फोन कुणाला करायचा, खर्च कोण करणार, एथिक्स कमिटीची (अभ्यासात भाग घेणाऱ्यांचं हित बघणाऱ्या समितीची) परवानगी आहे का, ट्रायल रजिस्टर केलीय का. मूल कळत्या वयाचं असेल तर त्याला समजेल असं सांगून त्याचंही हो-नाही विचारलं पाहिजे, ते नको म्हणालं तर ते ऐकून घेतलं पाहिजे. आणि मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचा उपचार थांबणार नाही, हे त्या कागदावर लिहिलेलं आहे का ते सही करायच्या आधी स्वतः वाचा.